इंगवले सरांनी मला दिलेलं फूल

वहिनी, सरांची लेक-जावई, प्राचार्य साहेब, गुरव सर, आणि सरांच्या हाताखाली शिकून मोठी झालेली तुम्ही सगळी मंडळी.

एवढी माणसं आलीत. मागं व्हरांड्यात बी उभी हायत. त्यास्नी सांगा कुणीतरी, हितं फुडं चार खुर्च्या मोकळ्या हायत, या म्हणावं.

मी दस्तगीर नदाफ. बत्तीस वर्षं या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबला शिपाई हुतो. तुम्ही पोरं मला मामा म्हणत हुता, अजून म्हणता. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालू नका, म्हणून मी सांगितलतं. बोलायची लाज वाटती म्हणून न्हवं. एकदा तोंड उघडलं तर काय बाहीर पडंल, त्याची भीती हुती. पण माझ्या आधी पाच जण बोलून गेले, आणि पाचीच्या पाची जणांनी त्या फुलाचं नाव घेतलं. सरांच्या फोटोखाली फलकावर बी लिवलंय, 'प्रिम्युला नदाफी या नव्या फुलाचे संशोधक'. बाहेरनं आलेल्या पावण्यांना ठावं नसंल म्हणून सांगतो. त्यातला नदाफी म्हणजे मी. ते फूल माझ्या नावाचं हाय.

तवा मला बोललंच पायजे.

प्रिम्युला म्हणजे काय, ते आपल्यातल्या निम्म्या लोकांनी बघितलं नसंल. आपल्याकडं ते उगवतच न्हाई. राधानगरीच्या जंगलात हिंडा, कातळाच्या सड्यावर हिंडा, शंभर तऱ्हेची फुलं घावतील, ते घावणार न्हाई. त्याला थंडी लागती. हिमालयात पार वर, झाडं संपत्यात तितनं फुडं, बर्फ वितळून पाणी झिरपतंय तितं ते येतं. पानं भुईला चिकटलेली, मधनं वीतभर दांडा, वर जांभळ्या फुलांचा झुपका. देखणं फूल हाय. आणि वळखायला लई वंगाळ. एकीगत एक दिसणाऱ्या कितीतरी जाती.

सरांनी त्याचा नाद घेतला, आणि मला बी लावला. दर वर्षी जूनला आम्ही सिक्कीमला जायचो. अडीच दिवस रेल्वे, फुडं जीप, मग पाय. सरांच्या पाठीवर वह्या, माझ्या पाठीवर झाडं दाबायचा लाकडी प्रेस आणि रद्दीचा गठ्ठा. रद्दी कोल्हापूरची. तिकडची माणसं कौतुकानं बघायची, हे कुठल्या लिपीत हाय म्हणून. आज बी वाळवलेली झाडं ठेवायचं आपल्या हर्बेरियमचं कपाट उघडा, सिक्कीमची फुलं कुस्तीच्या बातम्यांत झोपलेली दिसतील.

सर मला म्हणायचे, "दस्तगीर, फूल नंतर बघ. आधी पान उलटं कर." प्रिम्युलाच्या पानाची पाठ बघायची असती. काहींच्या पाठीवर पीठ असतं, पांढरं न्हाईतर पिवळं, भाकरी थापताना परातीत उरतं तसं. पीठ हाय का न्हाई, कुठल्या रंगाचं, दाट का विरळ, त्यावरनं जात ठरती. मग फूल उभं चिरायचं. एका झाडाच्या फुलात मधला दांडा वर डोकावतो, टाचणीच्या डोक्यागत. शेजारच्या झाडात तोच दांडा खाली दडून बसलेला आणि वर परागाचा झुपका. बघणारा फसतो. दोन जाती हायत, म्हणतो. पण ती एकाच जातीची दोन रूपं असत्यात, एकाच वाफ्यात उगवत्यात.

गुरव सर, मी सांगतोय हे, चालंल न्हवं? मान हलवली त्यांनी. आज ते विभागप्रमुख हायत, तवा एम.एस्सी.ला हुते. त्यांनी ह्याच दोन रूपांच्या दोन जाती केल्या आणि तसा निबंध लिवून वाचून बी आले. इंगवले सरांना कळलं. सरांनी काय केलं? सगळ्या वर्गाफुडं उभं केलं त्यास्नी. मी दाराशी ट्रे घेऊन उभा हुतो. पोरगं घामानं भिजलं. सर म्हणाले, "चूक सगळ्यांची होते. पण कळली त्या दिवशी सांगायची. दुसऱ्या दिवसावर ढकलली की ती चूक राहत नाही, लबाडी होते."

हे वाक्य बत्तीस वर्षांत मी किती वेळा ऐकलं असंल, गिनती न्हाई. मी ते घरी माझ्या पोरांना ऐकवलं. दहावी नापास माणूस मी, पण सरांचं वाक्य सांगताना माझी मान ताठ व्हायची.

आता त्या फुलाचं सांगतो.

त्या वर्षी सिक्कीमला पाऊस काय सांगू. चार दिवस धार तुटली न्हाई. सर तापानं फणफणलेले, खालच्या गावात एका घरात झोपवलतं त्यास्नी. म्हणाले, मी काय वर येत नाही, तू जाऊन ये. मी त्या घरच्या माणसाला संगं घेतलं आणि गेलो. एकट्याच्या जोरावर झाडं गोळा करायची ती माझी पहिलीच खेप. वर एका कपारीखाली, झऱ्याच्या कडंला, प्रिम्युलाचा ताटवा घावला. पाऊस असा की पानं उलटी करून बघायला डोळं उघडंनात. मुळासकट अकरा झाडं काढली आणि पळत खाली आलो.

पेपर समदे ओले. प्रेसमधनं पाणी गळतंय. स्टोव्ह पेटंना. झाडं कुजली तर सर काय म्हणतील? मग मी काय केलं? राधानगरीला पावसाळ्यात आम्ही जे करायचो तेच केलं. तितं पेपर वाळत न्हाईत म्हणून झाडं स्पिरिटात भिजवायची, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची आणि कोल्हापुरात आणून वाळवायची. हे मला सरांनीच शिकवलतं. मी तसंच केलं, आणि वहीत लिवून बी ठेवलं. सरांचा दंडक हुता, जे केलं ते लिवायचं.

कोल्हापुरात आल्यावर सरांनी झाडं भिंगाखाली घेतली. दोन दिवस भिंग सोडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. म्हणाले, "दस्तगीर, ह्याच्या पाठीवर पीठ नाही. कणभरसुद्धा नाही. रंगही निराळा आहे. ही जात कुणी लिहून ठेवलेली नाही."

फुडं दोन वर्षं सरांनी पुस्तकं धुंडाळली, परदेशात पत्रं धाडली. तितं परत जायचं ठरवलं, तर दरड कोसळून वाटच गेलेली. शेवटी तसंच छापायचं ठरलं. आणि एक दिवस चहा पिता पिता मला म्हणाले, नाव काय द्यायचं? मी म्हटलं, तुमचं द्या की. सर हसले. म्हणाले, आमच्यात स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत. ते दुसऱ्यानं द्यायचं असतं. मी देणार आहे, आणि मी तुझं देणार आहे.

तुमास्नी सांगतो, माणसांची नावं लागलेल्या फुलांची सगळी यादी गोऱ्या साहेबांची हाय. कुणी कलेक्टर, कुणी डॉक्टर, कुणी लाटसाहेब. त्या यादीत कोल्हापूरचा एक शिपाई. एक नदाफ. माझा आजा गाद्यांचा कापूस पिंजत हुता. मी लॅबमधल्या बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. रडलेलं दिसू नये म्हणून.

मग काय, गल्लीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. 'हिमालयात फूल फुललं, मामांचं नाव झालं.' माझा फोटो, शेजारी फूल, आणि खाली समद्या मंडळाचे फोटो माझ्यापरास मोठे. मशिदीतनं बाहेर पडताना माणसं थांबवायची. माझ्या थोरल्या नातीनं शाळेत निबंध लिवला. घराच्या दारावर पाटी हाय माझ्या, अजून हाय, तिच्यावर ते फूल रंगवून घेतलंय.

सर बी थकले न्हाईत. कुणी पावणं आलं की मला फुडं ओढायचे. हा नदाफ, ह्याच्या नावाचं फूल आहे. सहा वर्षांमागं मी रिटायर झालो, तवा याच हॉलमधे, याच माइकवर सर बोलले. म्हणाले, आमची नावं विसरतील, पण नदाफचं नाव कुणाला पुसता यायचं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या. चार वर्षांमागं माझी बायको शहिदा आजारी हुती, शेवटचे दिवस. सर दवाखान्यात आले. तिच्या उशाशी बसून म्हणाले, भाभी, तुमच्या नवऱ्याचं नाव हिमालयात राहील. ती हसली. लई दिवसांनी हसली. चौथ्या दिवशी गेली.

हे सगळं मी का सांगतोय? थांबा जरा. पाणी द्या.

सर गेल्यावर, आठ दिवसांमागं, वहिनींनी निरोप धाडला. सरांच्या सिक्कीमच्या वह्या माळ्यावर सापडल्या, त्या कॉलेजात पोचवा म्हणाल्या. मी घरी आणल्या. म्हटलं, द्यायच्या आधी एकदा बघूया, आपला बी जन्म गेलाय त्यात. उघडल्या. त्या वर्षाची वही घावली. त्यात माझं अक्षर. कोंबडीचे पाय. 'चार दिवस पाऊस. पेपर वाळेनात. अकरा झाडे स्पिरिटात घालून पिशवीत बांधली.'

आणि त्याच्याखाली लाल शाई. तुम्ही सगळी ती लाल शाई वळखता. जर्नलवर बघितलीया तुम्ही. तारीख टाकलीया, नऊ वर्षांमागची. सरांनी लिवलंय:

"स्पिरिटने पीठ विरघळले. ही जात नवी नाही. दस्तगीरला सांगायचे नाही."

मी ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

नऊ वर्षं. ऐका मंडळी, नऊ वर्षं. या नऊ वर्षांत दर गुरुवारी मी सरांकडं चहाला जात हुतो. किती गुरुवार झाले? एका गुरुवारी बी तोंडातनं निघालं न्हाई. माझ्या रिटायरमेंटला हितं उभं राहून बोलले, तवा ठावं हुतं त्यास्नी. शहिदाच्या उशाशी बसले, तवा ठावं हुतं. ती समाधानानं गेली. आता त्याबद्दल मी सरांचे उपकार मानू का त्यांच्यावर राग धरू? कुणी सांगंल का मला? मशिदीतल्या मौलानांना विचारलं, ते बी न्हाईत सांगू शकले.

मला वाटलं, असंल काहीतरी घोटाळा. सरांचीच चूक झाली असंल त्या दिवशी, वय झालतं. मी वही घेऊन गुरव सरांकडं गेलो. त्यांनी कपाट उघडलं. त्याच खेपेला, पाऊस लागायच्या आधी, सरांनी स्वतःच्या हातानं कोरड्यात दाबलेलं एक साधं, नेहमीचं प्रिम्युला हुतं. पाठीवर पिवळं पीठ. गुरव सरांनी पानाचा नखाएवढा कोपरा कापला, काचेच्या वाटीत ठेवला आणि वरनं स्पिरिट सोडलं. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. पीठ हललं. मग स्पिरिट पिवळसर झालं. चिमट्यानं पान वर काढलं, तर पाठ कोरी, रंग बी उतरलेला. भिंगाखाली माझ्या झाडाशेजारी ठेवलं. जुळी भावंडं.

गुरव सरांनी भिंग बाजूला ठेवलं. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी वाटी धुतली. सवय.

चूक माझी हाय. हे आधी स्पष्ट सांगतो, सरांच्या माथी कुणी मारू नका. स्पिरिट मी घातलं. राधानगरीचं शहाणपण सिक्कीमला चालवलं. सरांचं चुकलं एवढंच की माझं अक्षर वाचायच्या आधी त्यांनी छापलं. ती काय मोठी गोष्ट न्हाई. माणूस चुकतो. सरांनी नऊ वर्षांमागं मला हाक मारून सांगितलं असतं, दस्तगीर, अरे तुझ्या स्पिरिटनं घोळ केला रे, तर मी काय केलं असतं? दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी सरांकडं जाऊन म्हटलं असतं, चला, दुरुस्ती छापू. आणि फ्लेक्स लावणाऱ्या पोरांची तोंडं आठवून आम्ही दोघं हसलो असतो.

तो हक्क माझा हुता. तो सरांनी काढून घेतला.

'दस्तगीरला सांगायचे नाही.' का? मला सोसणार न्हाई म्हणून? मी काय कुक्कुलं बाळ हाय? गुरव सरांना वर्गाफुडं उभं केलं, कारण ते शिकणारे हुते, उद्याचे शास्त्रज्ञ हुते. त्यांना खरं सोसावं लागतं. आणि मी? मला खाऊ दिला. फूल दिलं हातात आणि म्हणाले, खेळ. इतकी वर्षं सर मला सांगत आले, तू शिपाई न्हाईस, माझा जोडीदार हाईस. जोडीदाराला असं वागवत्यात व्हय? जोडीदाराला चूक सांगत्यात. दया शिपायाची करत्यात.

आणि अजून एक गोष्ट मनात येती. येऊ नये, पण येती. ते माझ्यासाठी लपवलं, का स्वतःसाठी? वहीत नाव माझं हाय. पण त्या फुलानं सरांचं बी नाव झालतं. हे मला आता कधीच कळणार न्हाई. ज्यांना विचारायचं, ते फोटोत जाऊन बसले. हाच सगळ्यात मोठा दगा हाय सरांचा. मला भांडायला बी ठेवलं न्हाई.

काल वही दाखवल्यावर प्राचार्य साहेब मला म्हणाले, नदाफ, आजचा दिवस जाऊ दे. महिन्याभरानं सांगू, कमिटी बसवू. साहेब, तुमचं चुकलं न्हाई, माणूस गेल्यावर घरच्यांना जपावंच लागतं. म्हणून मी आधी वहिनींकडं गेलो. वही त्यांच्या फुडं ठेवली. त्यांनी वाचली. वही मिटली. मग म्हणाल्या, "दस्तगीरभाऊ, मलाही सांगितलं नाही हो त्यांनी. तुम्ही बोला. मी पुढच्या रांगेत बसते." बसल्यात बघा. वहिनी, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत.

तर मंडळी, आज सकाळी गुरव सरांनी पत्र लिवलं. इंग्रजीत हाय, मला वाचून दाखवलं. प्रिम्युला नदाफी ही वेगळी जात न्हाई, जुन्याच जातीची झाडं स्पिरिटात पडल्यानं पीठ आणि रंग गेला, एवढंच. खाली गुरव सरांची सही आणि शेजारी माझी, मराठीत. त्यांच्या शास्त्राचा नियम असा हाय की छापलेलं नाव कुणाला खोडता येत न्हाई. खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात ते लिवत्यात, म्हणजे फुडच्या माणसाला कळावं, हितं कुणीतरी चुकलं हुतं. माझं नाव तितं जाईल. जाऊ दे. तितं त्याची जागा खरी हाय. पोस्टात टाकून मगच मी हितं आलो.

नातीला अजून सांगितलं न्हाई. हितनं घरी गेलो की सांगणार हाय. ती रडंल. रडू दे. माझ्याकडनं कळू दे तिला.

माझं बोलणं तुमास्नी आवडलं नसंल. शोकसभेत असं बोलत न्हाईत, मला कळतं. पण सरांबद्दल गोड बोलणारे पाच जण झाले, आणि पाची जण खोटं बोलले, ठावं नसताना बोलले. सरांवर माझी माया नसती, तर मी गप राहून सहावा झालो असतो.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. ज्याला जे म्हणायचं ते मनात म्हणा. कुणी श्लोक म्हणा, मी फातिहा पढतो. आणि सर, तुमच्याशी एकच बोलतो. मी तुमच्यासाठी दुवा मागणार हाय, आणि रागात मागणार हाय. राग अजून गेला न्हाई. कवा जाईल ठाऊक न्हाई. जाईल त्या दिवशी तुमच्या कबरीवर आलो असतो, पण तुम्हाला कबर न्हाई. म्हणून वहिनींकडं येऊन तुमच्या फोटोला सांगीन, त्याच दिवशी सांगीन.

उठा मंडळी.